इंग्लंडमधली दगडी 'टेरेस' घरे: ती कशी बांधली, आणि आता का ओलावतात

'टेरेस' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गच्ची उभी राहते. इंग्लंडमध्ये हाच शब्द एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांच्या सलग ओळीसाठी वापरतात. पुण्या-नाशिककडे आपण ज्याला रो-हाउस म्हणतो, त्याचे हे पूर्वज आहेत, असे म्हटले तरी चालेल. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, तिथल्या गिरण्यांच्या गावांमध्ये अशा ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. त्या बहुतेक ठिकाणी विटांच्या होत्या, पण यॉर्कशायरच्या पश्चिम भागात आणि लँकेशायरच्या डोंगराळ पट्ट्यात दगडाच्या. आज इंग्लंडमधल्या साधारण दर पाच घरांमागे एक घर १९१९ च्या आधीचे आहे. लीड्स-ब्रॅडफर्डच्या बाजूला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांनी घर शोधायला सुरुवात केली, की त्यांच्यासमोर ही दगडी घरे हटकून येतात आणि त्यांच्याबरोबर 'भिंतीत ओल आहे' हा शेराही येतो.

या घरांचा विषय सध्या निघण्याचे कारण वेगळे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने एक अहवाल दिला. सरकारी योजनांखाली जुन्या-नव्या घरांच्या भिंतींना उष्णतारोधक थर, म्हणजे इन्सुलेशन, बसवण्याची जी कामे झाली, त्यांपैकी बाहेरून थर बसवलेल्या ९८ टक्के आणि आतून थर बसवलेल्या २९ टक्के कामांत दुरुस्ती करावीच लागेल अशा मोठ्या त्रुटी असल्याचे त्यात म्हटले होते. ही सगळी घरे दगडी नव्हती, आणि बहुतांश दोष निकृष्ट कामाचा व ढिल्या देखरेखीचा होता. तरीही जुन्या भिंतीवर नवा थर चढवण्यापूर्वी ती भिंत मुळात चालते कशी, हे समजून घेणे किती गरजेचे आहे, ते या आकड्यांनी ठळकपणे दाखवले. हा लेख त्या भिंतीबद्दल, आणि ती भिंत ज्या ओळीचा भाग आहे त्या ओळीबद्दल आहे.

ओळ कशासाठी?

उदाहरण म्हणून सॉल्टेअर हे गाव घेऊ. टायटस सॉल्ट हे ब्रॅडफर्डचे लोकरगिरणीवाले. अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीपासून कापड काढून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. १८४८-४९ मध्ये ते ब्रॅडफर्डचे महापौर होते आणि त्याच सुमारास शहरात कॉलऱ्याची भीषण साथ आली. धूर, सांडपाणी आणि कोंदट वस्ती यांतून बाहेर पडून एअर नदीच्या काठी नवी गिरणी आणि तिच्या कामगारांसाठी संपूर्ण गाव वसवण्याचे त्यांनी ठरवले. गिरणी १८५३ मध्ये, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी सुरू झाली. पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत आठशेहून अधिक घरे उभी राहिली. आराखडा लॉकवुड आणि मॉसन या वास्तुकारांचा. गल्ल्यांना सॉल्ट यांच्या पत्नीची आणि मुलांची नावे आहेत, आणि दोन गल्ल्या वास्तुकारांच्याही नावाने आहेत. २००१ मध्ये युनेस्कोने हे गाव जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदवले.

सगळी घरे एका ओळीत चिकटवण्यामागचे पहिले कारण सरळ पैशाचे होते. शेजारच्या दोन घरांमध्ये भिंत एकच. तिला आपल्याकडे कागदोपत्री 'सामाईक भिंत' म्हणतात आणि इथेही तोच शब्द योग्य आहे. दहा सुटी घरे बांधली तर बाजूच्या वीस भिंती लागतात. तीच दहा घरे ओळीत बांधली तर अकरा भिंतींत काम भागते. शिवाय दगडाच्या घडाईत सर्वांत जास्त मेहनत दर्शनी भागाला लागते आणि ओळीतल्या घराला दर्शनी बाजू एकच असते. म्हणूनच अनेक ओळींमध्ये रस्त्याकडची बाजू नीट घडवलेल्या, एकसारख्या थरांच्या दगडांची असते आणि मागची बाजू ओबडधोबड दगडांत उरकलेली असते.

दुसरे कारण उबेचे. थंडीत पंगतीला दाटीवाटीने बसलेल्यांपैकी मधल्याला कमी गारठा लागतो, तसेच मधल्या घराचे होते. त्याची उष्णता फक्त पुढून, मागून, वरून आणि थोडी जमिनीतून निसटते. दोन्ही कुशींना शेजारी असतात. टोकाच्या घराची एक अख्खी बाजू उघड्यावर असते आणि त्या घराचे इंधनाचे बिल ते बोलून दाखवते. सॉल्टेअरमध्ये ओळींच्या टोकांची घरे मुद्दाम उंच, तीन मजली केलेली दिसतात, त्यामुळे लांबलचक ओळ नजरेला मध्येच तुटल्यासारखी वाटत नाही. तिला सुरुवात आणि शेवट मिळतो. मला या गावाच्या रचनेतली ही सर्वांत समंजस गोष्ट वाटते. घरे स्वस्त होती, तरी ती पाहणाऱ्याचा विचार केलेला होता.

आतली मांडणी साधी. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाक आणि धुण्याभांड्यांची जागा, वर दोन किंवा तीन झोपायच्या खोल्या, आणि मागच्या छोट्या अंगणात घराचा स्वतःचा संडास. शेवटची गोष्ट आज किरकोळ वाटेल, पण त्या काळात अनेक कुटुंबांना मिळून एकच संडास असणे हे शहरांत नेहमीचे होते. त्या पार्श्वभूमीवर प्रत्येक घराला स्वतःचा संडास, नळाचे पाणी आणि गॅसचा दिवा देणे हा आरोग्याचा मोठा निर्णय होता.

जिथे सपाट जमीनच नाही तिथे ही ओळ कशी बांधायची, याचे उत्तर जवळच्या हेब्डन ब्रिज गावात पाहायला मिळते. सुती कापडाच्या या गावात डोंगरउतारावर एकावर एक अशा दोन घरांच्या चार मजली ओळी आहेत. खालच्या घराचे दार उताराच्या खालच्या रस्त्यावर उघडते आणि वरच्या घराचे दार मागच्या, वरच्या रस्त्यावर. दोन्ही घरांना आपापला रस्ता मिळतो आणि जिना कोणालाच वाटून घ्यावा लागत नाही.

भिंतीच्या पोटात काय असते?

बाहेरून भिंत अखंड दगडाची वाटते, पण ती तशी नसते. साधारण दीड ते दोन फूट जाडीच्या या भिंतीला दोन तोंडे असतात. बाहेरच्या तोंडाला घडीव दगड, आतल्या तोंडाला ओबडधोबड दगड किंवा विटा, आणि दोहोंच्या मध्ये दगडाचे तुकडे व चुना यांची भर. ही दोन तोंडे एकमेकांपासून सुटून फुगू नयेत म्हणून ठराविक अंतरावर एखादा लांब दगड आरपार घातलेला असतो. दोन गोधड्या एकत्र धरायला मध्ये टाके घालावेत, तसे त्याचे काम. भिंतीला पोट आलेले दिसले तर बहुधा असे दगड कमी पडलेले असतात किंवा मधली भर पाण्याने धुऊन गेलेली असते.

यॉर्कशायरचा दगड म्हणजे वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण थरावर थर साचून घट्ट झालेला खडक. तो पोळ्यांच्या चळतीसारखा असतो. चळत आडवी ठेवली तर वरचे वजन ती सहज पेलते, पण उभी धरली की पोळ्या एकेक करून सुटू लागतात. म्हणून जाणकार पाथरवट खाणीत दगड ज्या दिशेने पडलेला होता, त्याच दिशेने तो भिंतीत बसवतो. घाईत किंवा सुबक तोंड मिळावे म्हणून तो उभा बसवला गेला तर काही वर्षांनी त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. ओळीतल्या एखाद्या घराचे दोन-चार दगडच खराब झालेले असतात आणि शेजारचे ठणठणीत असतात, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

चुना मऊ का ठेवला?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दोन दगडांमधल्या सांध्याला गवंडी 'दरज' म्हणतात आणि सांधे मसाल्याने भरण्याच्या कामाला 'दरजा भरणे'. व्हिक्टोरियन ओळींच्या दरजा चुन्याच्या असत. चुनखडी भट्टीत भाजायची, ती पाण्यात विझवायची, वाळूत कालवायची आणि भिंतीत भरायची. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ती हळूहळू पुन्हा दगडासारखी होते. उत्तर इंग्लंडमध्ये या चुन्यात कोळशाची राख मिसळत, त्यामुळे तिथल्या जुन्या दरजा अनेकदा काळपट दिसतात. आपल्याकडे चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घालत. राखेचे कामही साधारण तेच, ओलीतही चुन्याला घट्ट होऊ देण्याचे.

हा मसाला दगडापेक्षा मऊ असतो आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. हे दोन्ही गुण भिंतीला हवेच असतात. इंग्लंडच्या पावसात दगडी भिंत भिजणारच. प्रश्न एवढाच असतो की आत गेलेले पाणी बाहेर कुठून पडणार. चुन्याच्या दरजांमधून ते सर्वांत सोपेपणाने बाहेर पडते आणि वाऱ्याने सुकते. घरातल्या मातीच्या माठाचे असेच असते: पाणी मातीच्या अंगातून पाझरून बाहेरच्या बाजूला उडून जात राहते. त्या माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर पाझरणे थांबते आणि माठ आपले काम सोडून देतो.

पाण्याबरोबर क्षारही दरजेपर्यंत येतात आणि तिथे त्यांचे स्फटिक होतात. थंडीत दरजेतले पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. या दोन्हींचा मार दरज सोसते, हळूहळू झिजते, आणि काही दशकांनी ती खरवडून नव्याने भरावी लागते. ही झीज भिंतीच्या रचनेतच धरलेली आहे. दरज पुन्हा भरता येते. घडीव दगड एकदा गेला की गेला.

"पण सिमेंट तर जास्त मजबूत असते ना?"

असते, आणि अडचण तिथूनच सुरू होते. आजच्या सिमेंटचे मूळ पेटंट १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन या लीड्सच्या गवंड्याने घेतले होते, म्हणजे ते सॉल्टेअरच्या अगदी शेजारचे. पण नेहमीच्या घरदुरुस्तीत सिमेंटने चुन्याची जागा घेतली ती मुख्यतः विसाव्या शतकात, आणि शेकडो ओळींच्या चुन्याच्या दरजा त्या काळात सिमेंटने भरल्या गेल्या.

याचा परिणाम जवळून पाहिला तर कोणालाही कळतो. अशा भिंतीपुढे उभे राहिले की सिमेंटची करडी जाळी ताठ उभी दिसते आणि तिच्या प्रत्येक चौकटीतला दगड मात्र आत खोल खचलेला असतो. दगडाच्या तोंडावर बोट फिरवले तर वाळू हाताला लागते. सांधा शाबूत आणि दगड खाल्लेला, हे उलटे चित्र आहे. सिमेंटमधून पाणी सहज बाहेर पडत नाही, म्हणून ते दगडातून वाट काढते. क्षार आणि बर्फ यांचा मार मग दगडाच्या तोंडावर बसतो. शिवाय उन्हा-थंडीने भिंत किंचित हलते तेव्हा मऊ चुना तिच्याबरोबर जुळवून घेतो. ताठ सिमेंटला मात्र केसाएवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आत शिरते आणि मागे अडकून बसते. बाहेरून जलरोधक रंग फासण्यानेही तेच होते.

दरज बळकट करून भिंत बळकट होईल ही समजूत प्रामाणिक होती. ती वापरणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आता या गोष्टी माहीत झाल्या असताना 'टिकाऊ काम' म्हणून जुन्या वालुकाश्मात सिमेंट भरून देणाऱ्या ठेकेदाराला नकार देणे हे मालकाचे काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे इंग्लंडमधल्या बाथ शहराचे. संपूर्ण शहरच दगडी टेरेसांसाठी ओळखले जावे, असे हे गाव. त्या काळच्या मुंबईच्या इमारतींचा दगड वेगळा, मालाडचा पिवळसर दगड किंवा काळा बेसॉल्ट. पण दगड आणि चुना यांच्यातले नाते तिथेही हेच आहे, आणि आपल्या वाड्यांच्या दगडी जोत्यांतही.

छप्पर, धुराडे आणि खिडक्या

छपराला बहुधा वेल्सहून रेल्वेने आलेल्या पातळ, काळपट निळ्या पाटीच्या दगडाच्या फरश्या असत. शाळेतली जुनी पाटी ज्या दगडाची, तोच हा दगड. एकेक फरशी खिळ्याने ठोकून तिच्यावर पुढची ओळ अशी चढवतात की कुठल्याही ठिकाणी किमान दोन फरश्या एकावर एक असतात. पाटीचा दगड शंभर-दीडशे वर्षे सहज टिकतो, पण खिळे गंजतात. म्हणून जुन्या छपरावरून फरश्या घसरू लागल्या तर दगड खराब झाला असे लगेच समजू नये. पुष्कळदा त्याच फरश्या नव्या खिळ्यांनी पुन्हा बसवता येतात.

बहुतेक खोल्यांत कोळशाची शेगडी आणि वर धुराडे असे. शेगडी पेटली की धुराड्यातून गरम हवा वर ओढली जाई आणि तिच्याबरोबर स्वयंपाकाची वाफ, माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांची दमट हवाही बाहेर जाई. वर-खाली सरकणाऱ्या दोन तावदानांच्या खिडक्या होत्या; वरचे तावदान थोडे खाली आणि खालचे थोडे वर सरकवले की वरून गरम हवा बाहेर जाई आणि खालून ताजी आत येई. १८४५ मध्ये काचेवरचा आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा कर उठल्यामुळे सामान्य घरांनाही चांगल्या मोठ्या खिडक्या परवडू लागल्या होत्या. भिंत पाणी सोडे आणि शेगडी ते बाहेर ओढून नेई. या दोन कामांवर घर कोरडे राहात असे.

विसाव्या शतकात शेगड्या बंद झाल्या, धुराडी बुजवली गेली, घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिडक्या आल्या आणि घरात वॉशिंग मशीन व रोजची गरम पाण्याची आंघोळ आली. वाफ वाढली आणि तिच्या वाटा बंद झाल्या. ओल वरच्या कोपऱ्यात, कपाटामागे आणि खिडकीच्या कडेला बुरशी होऊन दिसू लागली. पुष्कळदा 'जमिनीतून ओल चढते' असा निष्कर्ष काढून भिंतीत रसायन भरण्याचे खर्चिक काम सुचवले जाते. आधी पन्हळ फुटली आहे का, बाहेरची माती भिंतीवर चढली आहे का आणि वाफ बाहेर जाते का, एवढे तपासायला हवे.

"दीड फूट जाड भिंत असूनही घर गार कसे?"

कारण जाडी आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगडी पाटा जाड असतो, पण थंडीत त्यावर हात ठेवला की हात गारठतो. गोधडी पातळ असते, पण तिच्यात हवा अडकलेली असते म्हणून ती ऊब धरते. दगडी भिंत गोधडीचे काम करत नाही. ती उष्णता हळूहळू घेते आणि हळूहळू सोडते, त्यामुळे घर एकदम तापत नाही आणि एकदम थंडही पडत नाही. आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता अधिक वेगाने बाहेर जाऊ देते. म्हणून या घरांत ओल काढणे हाच घर उबदार करण्याचा पहिला भाग आहे.

मग थर बसवूच नये का?

बसवावा, पण क्रम पाळून. छपराखालच्या पोकळीत जाड थर घालणे सर्वांत सोपे आणि सर्वांत फायद्याचे. मग फटी बुजवणे, जमिनीखालचा थर, खिडक्यांना जादा काच. भिंतीचा क्रम शेवटी.

भिंतीला आतून थर दिला की दगड घराच्या उबेपासून तुटतो आणि आणखी गार पडतो. थरामागे वाफ शिरली तर ती गार दगडावर पाणी होऊन बसते, आणि लाकडी जमिनीच्या तुळयांची टोके जिथे भिंतीत रोवलेली असतात तिथे कुजणे सुरू होते. हे नजरेआड घडत असल्याने वर्षानुवर्षे कळत नाही. म्हणून जाणकार लोक लाकडाच्या तंतूंच्या फळ्यांसारखे, ओल घेऊन सोडू शकणारे साहित्य आणि वर चुन्याचा गिलावा सुचवतात, शिवाय थर बेताचा जाड ठेवायला सांगतात. बाहेरून थर दिला तर उबेचे गणित अधिक चांगले जमते, पण दगडी दर्शनी भाग झाकला जातो, पाणी अडवणाऱ्या कडा बदलतात आणि संरक्षित ओळीत त्याला परवानगी मिळणे कठीण असते.

"इतकी दगदग असेल तर पाडून नवे का बांधू नये?"

ओळीतून एक घर काढणे म्हणजे पंगतीतून माणूस उठवण्यासारखे नाही. शेजाऱ्याची भिंत त्याच घराची आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा सामाईक भिंतींविषयीचा कायदा आहे, आणि अशा भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला साधारण दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. शिवाय खाणीतून काढून, वाहून आणून, घडवून झालेला दगड आज भिंतीत बसलेलाच आहे. तो फेकून नवे काँक्रीट ओतण्यात जे इंधन जळेल, ते पुढच्या कित्येक वर्षांच्या उबेच्या बचतीतून भरून काढावे लागते.

घर पाहायला जाताना

कोरड्या, उन्हाच्या दिवशी या घरांची पाहणी करू नये. जोराच्या पावसात जावे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छपराची कड पाहावी: पन्हळीचे पाणी नळातून खाली येते की भिंतीवरून ओघळते? ओघळाखाली हिरवट शेवाळाचा पट्टा असेल तर आतल्या खोलीत त्याच उंचीवर हात लावून पाहावा. मग एखाद्या दरजेवर खिळ्याचे टोक हलकेच दाबावे. टोक थोडे रुतून पांढरट किंवा काळपट भुकटी पडली तर चुना आहे. खिळा सटकला आणि मसाला करडा असेल तर तिथे सिमेंट आहे, आणि त्याच्या बाजूच्या दगडाच्या तोंडाकडे अधिक बारकाईने पाहावे. चुन्याचे काम येणारा गवंडी सापडला, तर विक्रेत्याशी भाव ठरण्याआधीच त्याच्याकडून खर्चाचा अंदाज घ्यावा, कारण एका घराची पुढची भिंत चुन्याने भरून घेण्याचा खर्च घराच्या किमतीच्या वाटाघाटीत मांडता येतो.